एकशे बारा पक्षी आणि एरंडेलाची बाटली

एरंडेलाचा वास आला की मला अजूनही घुबड आठवतं. तुमची आई लहान असताना तिला एरंडेल पाजायचं काम मी म्हणूनच तुमच्या आजोबांवर सोपवलं होतं. ते चमचा घेऊन तिच्या मागे घरभर फिरायचे आणि मी दुसऱ्या खोलीत नाकाला पदर लावून बसायची. का, ते आजोबांना माहीत होतं, तुमच्या आईला अर्धवट माहीत आहे आणि तुम्हा दोघांना काहीच माहीत नाही. तेव्हा सगळं पहिल्यापासून, क्रमाने लिहून ठेवते. मधलं काही गाळणार नाही, माझी फजिती तर मुळीच नाही.

बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी जळगावच्या वसतिगृहातून घरी आले होते. आमचं गाव एदलाबादजवळ. त्या एदलाबादला आता मुक्ताईनगर म्हणतात. घराच्या तीन बाजूंना केळी आणि चौथ्या बाजूला रस्ता. मला पुण्याला जाऊन प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. माझ्या वडिलांना, आप्पांना, त्याचा राग नव्हता, फक्त शंका होती. "जनावरांचं शिकून करायचं काय? गोठ्यात चार बांधलीत, त्यांच्याशी माझं बिनशिकता बरं चाललंय," असं ते म्हणत. आप्पांचा माणसांवर विश्वास होता, पण कागदावर जास्त होता, आणि कागदावर शिक्का असेल तर मग विचारायलाच नको. बैलाला टोचलेल्या लशीच्या चिठ्ठीवरसुद्धा त्यांनी डॉक्टरकडून गोल शिक्का मारून घेतला होता. आमच्या कॉलेजच्या सरांनी सुचवलं होतं की धुळ्याच्या एका छोट्या निसर्ग-संग्रहालयात सुटीत दोन महिने काम केलंस तर पुण्यात त्याचा उपयोग होईल. तुम्ही ज्याला इंटर्नशिप म्हणता तेच ते, फक्त तेव्हा त्याला काही नाव नव्हतं. आप्पांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी अट घातली. "जा. दोन महिने कर. शेवटी त्या साहेबाच्या सही-शिक्क्याचा कागद आण, की ह्या पोरीला हे काम येतं. कागद आला तर पुणं. नाही आला तर बी.एड्. कर आन् गावच्या शाळेत लाग."

गावच्या शाळेत वाईट काही नव्हतं. पण तिच्या खिडकीतून आमच्याच केळी दिसत, आणि त्या मी एकवीस वर्षं पाहिल्या होत्या.

धुळ्याला मी अक्कांकडे राहिले. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, आणि आबा त्यांचे यजमान. आबा एस.टी.त होते. स्टँडवरच्या खोलीत बसून लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायचं काम त्यांचं. वीस वर्षं पुकारून पुकारून त्यांना साधं बोलता येईनासं झालं होतं. ताटावर बसले की "शिंदखेड्याहून आलेलं वांगं ताटात लागलेलं आहे, जेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी" असं म्हणत, तेही त्याच सुरात. अक्का त्यांच्याकडे लक्ष देत नसत. स्टँडवर तरी कोण देतं, असं त्या म्हणत. घर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं, वर पत्रा, पुढे उघडी गच्ची. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तडतडायचा, हायवेवरून ट्रकांची घरघर यायची, आणि दाराला बांधलेल्या ओल्या वाळ्याच्या पडद्यातून येणारी झुळूक आम्ही तिघं पाळीपाळीने घ्यायचो. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, तिच्यावर तेल आणि मिरचीचा ठेचा. तसा ठेचा मला पुढे पुण्यात, मुंबईत, तुमच्या आईच्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात, कुठेही जमला नाही. आणि गच्चीवर, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या गच्च्यांवर, जुन्या लुगड्यांवर घातलेल्या बिबड्या. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. रेवा, मागच्या वर्षी पाकीट फुटून तुमच्याकडे चुरा होऊन आल्या त्या.

संग्रहालयाचं खरं नाव लांबलचक होतं, पण रिक्षावाले त्याला 'वाघाचा बंगला' म्हणत, कारण दारातच काचेच्या पेटीत पेंढा भरलेला वाघ होता. त्याचा एक डोळा कधीतरी पडला होता आणि जागी गोटी बसवली होती, त्यामुळे तो वाघ जरा चकणा होता. आत दोन दालनं. एकात सातपुड्यातली जनावरं, दुसऱ्यात पक्षी, एकशे बारा. संग्रहालयाचे प्रमुख भामरे सर. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. ते कधी आवाज चढवत नसत आणि कधी हसतही नसत. मला ते "मिस चौधरी" म्हणत. उभ्या आयुष्यात मला कोणी मिस म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे पहिले चार दिवस मी मागे वळून बघत असे. त्यांचा एकच नियम होता. कुठल्याही पक्ष्याला वा प्राण्याला नुसता हात जरी लागला, तरी 'देखभाल रजिस्टर'मध्ये क्रमांक, तारीख आणि काय केलं ते लिहायचं. मला तो नियम इतका आवडला की मी घरी अक्कांच्या डब्यांनाही क्रमांक दिले. तिसऱ्या दिवशी अक्कांनी ते ओल्या फडक्याने पुसले.

तिसरा माणूस उखर्डूभाऊ, तिथले शिपाई. तीस वर्षं ते त्या वाघाशेजारी बसत होते आणि प्रेक्षकांना तो वाघ आपल्या आजोबांनी मारला असं सांगत होते. सर जवळ असले की मात्र वाघ म्हातारपणाने मेला असं सांगत.

महिना छान गेला. मी चिठ्ठ्या लिहिल्या, काचा पुसल्या, चोची मोजल्या. मग सरांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ते आठ दिवसांसाठी मुंबईला निघाले. जाताना म्हणाले, "मिस चौधरी, पिसं खाणाऱ्या कसरीवर लक्ष ठेवा. डांबरगोळ्या संपल्यात, मागवल्यात, माझ्याबरोबरच येतील. तोवर फक्त लक्ष ठेवा." फक्त, हा शब्द त्यांनी उच्चारला होता. मी तो ऐकलाही होता. दुसऱ्याच दिवशी घारीच्या पंखाखालून बारीक भुसा पडलेला दिसला, आणि भुशात वळवळ. माझ्या डोळ्यांपुढे एकदम सगळं दालन पोखरून निघालं. सर परत येतात, काचेआड एकशे बारा सांगाडे, आणि माझ्या हातात कोरा कागद.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. अक्का गच्चीवर गहू पसरून बसल्या होत्या. वर्षाचे गहू भरायचे दिवस, त्या ओंजळ ओंजळ घेऊन त्यांना एरंडेल चोळत होत्या. तसं चोळलं की वर्षभर कीड लागत नाही. मी रडत रडत कसर सांगितली.

"एवढंच ना वं पोरी?" अक्का म्हणाल्या. "गव्हाले कीड लागू नही म्हणीसन आपू काय करतस?"

"एरंडेल लावतो."

"मंग? पाखरूले काय येगळं शे? बठ्ठा गहू एरंडेलवर टिकस, पाखरू नही टिकाव का?"

आज तुम्ही हसाल. पण मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि मी यावर शास्त्रीय विचार केला. वहीत इंग्रजीत लिहिला. गृहीतक, कारणमीमांसा, अपेक्षित निष्कर्ष. कीड तीच, कातडी आणि धान्य दोन्ही कोरडे पदार्थ, तेलाने किडीचा श्वास कोंडतो, खर्च नगण्य. इतकं सुबक लिहिलेलं काही चुकीचं असू शकतं हे मला त्या वयात माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एरंडेलाच्या दोन बाटल्या आणि अक्कांकडच्या कापसाचे बोळे घेऊन गेले. क्रमांक एक, मोर. क्रमांक दोन, लांडोर. पंख उचलून, मुळापर्यंत, अक्का गव्हाला लावतात तसं हलक्या हाताने. प्रत्येकानंतर हात पुसून रजिस्टरमध्ये नोंद. 'क्र. १, एरंडेल. क्र. २, एरंडेल.' तीन दिवसांत माळढोक, गिधाड, बगळा, घुबड, चिमणी, सगळे झाले. रजिस्टरची पाच पानं भरली. एखादी आळशी मुलगी असती तर निम्मे पक्षी वाचले असते. मी आळशी नव्हते.

पहिले दोन दिवस मोर असा झळकत होता की उखर्डूभाऊंनी त्याला नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी धुळ्याचा वारा सुटला. तुम्हाला आमचा मे महिन्यातला वारा माहीत नाही. तो बंद दारातून, काचेच्या फटीतून, मिटलेल्या ओठांतून धूळ आत घालतो. एरवी ती झटकता येते. पण आता प्रत्येक पिसाने ती प्रेमाने धरून ठेवली. मोर मातीच्या रंगाचा झाला. बगळ्याला आणि कावळ्याला वेगळं ओळखायला चिठ्ठी वाचावी लागली. माळढोकाची मान तेलाच्या भाराने बाजूला झुकली, जणू त्याला कोणी वाईट बातमी सांगितली होती. आणि घुबड! त्याच्या डोक्यावरची पिसं मधोमध भांग पडून दोन्ही बाजूंना चपटी बसली होती.

उखर्डूभाऊ बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. "ताई," ते गंभीरपणे म्हणाले, "हाई घुबड तं आंघोय करीसन शाळामा चालनं असं दिखस."

मी म्हटलं, "भाऊ, आता काय करू?"

"बाकीनं ऱ्हाऊ द्या. मन्हा वाघले तेवढं लावजा नका." वाघाचा नंबर खरंच दुसऱ्या दिवशी होता. तो एका दिवसाने वाचला.

सर दोन दिवस आधीच आले. नात झाली होती, पेढ्यांचा पुडा हातात होता. पक्ष्यांच्या दालनाच्या दारात ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. बहुधा त्यांना वाटलं असावं की दोष काचांचा आहे. मग पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन ते क्रमांक एकपासून एकशे बारापर्यंत, एक एक पेटीसमोर थांबत, चालत गेले. मग टेबलाशी बसले आणि रजिस्टरची पाचही पानं वाचली. प्रत्येक ओळ. मी उभी होते आणि पेढ्यांचा तूपकट वास एरंडेलात मिसळत होता.

"मिस चौधरी, एकही सुटला नाही?"

"नाही सर."

"चिमणीसुद्धा?"

"दोन्ही चिमण्या, सर."

त्यांनी लाल पेन काढलं, उघडलं, आणि न लिहिता परत बंद केलं. "कोरडी पूड लागेल," ते म्हणाले. "बारीक, तेल शोषून घेणारी. पंखात चोळायची, झटकायची, पुन्हा चोळायची. तेल संपेपर्यंत. थंड देशांत मक्याचं पीठ वापरतात. पण एकशे बारा पक्ष्यांना मी आणि तुम्ही पुरणार नाही. आणि हात हलका हवा. पीस मोडलं की मोडलं." थोडं थांबून म्हणाले, "चार दिवस देतो. कागदाचं आपण नंतर बोलू."

मी रडत घरी गेले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, एरंडेलाच्या सल्ल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि कठड्यावरून गल्लीत हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघाच्या बंगल्यासमोर सात बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत चाळलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा. बिबड्यांसाठी दळून ठेवलेलं, मैद्यासारखं बारीक. ओल्या पातळ बिबड्या न फाटता लुगड्यावरून सोडवणाऱ्या हातांपेक्षा हलके हात धुळ्यात दुसरे कुठले असणार? सरांनी त्यांना रांगेत उभं करून आधी सूचना दिल्या. जुन्या पक्ष्यांच्या कातड्यांना आतून सोमल लावलेला असतो, तो विषारी. तोंडाला फडकं बांधायचं, डोळ्याला हात लावायचा नाही, काम झालं की साबणाने दोनदा हात. मला आज वाटतं, तेवढ्याने भागलं हे आमचं नशीब. तुम्ही कधी असलं काही करू नका.

"मंग हाई पीठ म्हैसले चालाव नही?" अक्कांनी विचारलं.

"ते खड्डा करून पुरायचं," सर म्हणाले. अक्कांच्या चेहऱ्यावर त्या उन्हाळ्यातलं सर्वांत खरं दुःख दिसलं. एवढं चांगलं पीठ!

मग काम सुरू झालं आणि त्या दालनात कधी नव्हता एवढा आवाज झाला. तोंडाला फडकी होती, पण फडक्याने बोलणं थांबत नाही. घुबड वाट्याला आलेली बाई म्हणाली, "ओ माय, हाई घुबड तं मन्ही सासूसारखं डोया वटारी राहिनं!"

"हळू बोल, तुन्ही सासूले कोणी पेंढा भरा नही अजून," गिधाडाला पीठ चोळत दुसरी म्हणाली.

कोणी मोराला लाडाने बोलत होतं, कोणी बगळ्याच्या पायांना नावं ठेवत होतं. आबा ड्यूटी संपवून डोकावले आणि सवयीने पुकारले, "एरंडेलहून आलेला माळढोक दालन क्रमांक दोनमध्ये लागलेला आहे." त्या दिवशी मी भामरे सरांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. लगेच त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, पण मी पाहिलं. मी स्वतः तिन्ही रात्री तिथेच थांबले असते, पण सरांनी सहा वाजता कुलूप लावलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मोर निळा होता, बगळा पांढरा होता, माळढोकाने मान वर केली होती. घुबडाचा भांग मात्र पुरता गेला नाही. आणि शेवटच्या घाईत माझ्याच हातून क्रमांक सत्त्याण्णव, कावळा, याची शेपटी मोडली. मी तीही रजिस्टरमध्ये लिहिली. 'क्र. ९७, एरंडेल काढले. शेपटी मोडली. माझ्या हातून.'

उरलेला महिना सर त्याबद्दल काही बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी बंद पाकीट दिलं. बसमध्ये पारोळा यायच्या आतच मी ते उघडलं. टाइप केलेलं इंग्रजी पत्र, खाली सही, गोल शिक्का. वाचलं आणि घाईघाईने परत पाकिटात घातलं. पण एक आशा होती. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. एदलाबाद येईपर्यंत मी त्या पत्राचं एक सुंदर मराठी भाषांतर मनात तयार केलं, ज्यात एरंडेल नव्हतं.

आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी पत्र उलटंपालटं केलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, उन्हात धरून पाहिलं, आणि माझ्याकडे परत दिलं. "वाच."

ते ज्या विश्वासाने म्हणाले त्याने माझं भाषांतर मनातच राहिलं. शिवाय दोन महिने रजिस्टर लिहून मला एक वाईट सवय लागली होती. मी होतं ते वाचलं.

"कुमारी चौधरी यांनी येथे दोन महिने काम केले. माझ्या गैरहजेरीत, माझ्या परवानगीशिवाय, त्यांनी एकशे बारा पक्ष्यांना एरंडेल लावले. त्याची प्रत्येक नोंद त्यांनी स्वतः केली. एकही पक्षी सुटला नाही. नंतर त्यांनी सर्व पक्षी स्वच्छ केले. त्यातही एकही सुटला नाही. एका कावळ्याची शेपटी मोडली, हेही मला त्यांनीच सांगितले. असा मदतनीस पुन्हा मिळाला तर मी आनंदाने ठेवून घेईन, मात्र एरंडेल कुलपात ठेवीन."

आई दारात हातातलं ताट तसंच धरून उभी होती.

"किती पाखरं म्हणाली?"

"एकशे बारा."

"सगळ्यांना लावलं?"

"हो."

"आन् सगळ्यांचं काढलं?"

"हो. फक्त कावळ्याची शेपटी..."

"कावळ्याचं सोड." त्यांनी पत्राची नीट घडी केली. "लावणारे लई पाह्यले मी. काढणारं कोणी पाह्यलं नव्हतं. जा पुण्याला."

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण आप्पांनी आयुष्यात कोणाचं काही ठेवून घेतलं नव्हतं. पुण्याला निघायच्या दिवशी ते म्हणाले, आपण धुळ्यावरून जायचं. ती वाट लांबची. त्यांच्या मांडीवर वनस्पती तुपाचा जुना डबा होता, झाकणाला सुतळी. अमळनेरच्या पुढे कंडक्टर नाक धरून आला.

"बाबा, काय आहे डब्यात?"

"म्युझियमचं सामान आहे," आप्पा म्हणाले. "शिक्का लागायचा बाकी आहे."

आमच्या केळीजवळच्या विजेच्या तारेला चिकटून मेलेला कावळा होता तो. आप्पांनी दोन दिवस मिठात घालून ठेवला होता. वाघाच्या बंगल्यात त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि भामरे सरांना म्हणाले, "पोरीनं तुमची शेपटी मोडली. ही घ्या. पूर्ण आहे, मी मोजलीय." उखर्डूभाऊ खिडकी उघडायला धावले. सर मात्र उठले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, शेपटीतली पिसं एक एक मोजली, बारा भरली, आणि रजिस्टर ओढून निळ्या पेनाने लिहिलं. क्रमांक एकशे तेरा, कावळा. देणगीदाराच्या रकान्यात त्यांनी आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही घेतली. आप्पांनी मान वाकडी करून, जीभ दातांत धरून सही केली. आणि मग म्हणाले, "साहेब, पावती?"

सरांनी पावती दिली. सही केली, आणि आप्पा काही बोलायच्या आत शिक्काही मारला.

आप्पा गेले त्यानंतर मी त्यांची ट्रंक आवरली. माझा दाखला तिच्यात होता, घड्यांवर फाटलेला, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो उघडून दाखवला होता. त्याच्याखाली कावळ्याची पावती होती. तिला त्यांनी प्लॅस्टिकचं पाकीट शिवून घेतलं होतं.